नानाजींचा रेडिओ आणि सूर्यावरचे डाग

सत्तावन्न सालच्या दसऱ्याला, ऐन दुपारी, कृष्णकांतने सासऱ्याच्या रेडिओची पूजा केली आणि रेडिओ मुका झाला.

तसं पाहिलं तर पूजेत काही खोट नव्हती. विळी, अडकित्ता, टाक-दौत पाटावर आणि पाटावर मावत नाही म्हणून सायकल शेजारी, अशी दरवर्षीची मांडणी. त्या ओळीत यंदा रेडिओची भर पडली होती, एवढंच. कृष्णकांतने सगळ्यांना हळदकुंकू लावलं आणि झेंडूच्या फुलाने पाणी शिंपडलं. सायकल काही बोलली नाही. विळी काही बोलली नाही. रेडिओवर मात्र सिलोनची बाई गात होती, ती पाणी पडताच ओळीच्या मध्यात थांबली. मागे राहिलं ते नुसतं बारीक सूं सूं.

"अहो, किती पानी शिंपडलं?" सुमतीने विचारलं.

"सायकलीवर शिंपडलं तेवढंच."

"सायकलीले पाऊस चालते."

कृष्णकांत पाटापुढेच बसून राहिला. तीन वर्षांपूर्वी त्याने सासुरवाडीला भिंतीवरचं घड्याळ दुरुस्त केलं होतं. तेव्हापासून ते घड्याळ दिवसाकाठी दोनदाच खरं बोले. आणि तेव्हापासून नानाजी, म्हणजे सुमतीचे वडील, जावयाचं स्वागत एकाच वाक्याने करत, "या जावईबापू, हात मांडीवर ठेवून बसा." कृष्णकांत तसाच बसे. पानाचा विडासुद्धा त्याच्या तोंडाशी दुसऱ्या कोणीतरी आणावा लागे.

असे हे नानाजी जाम गावचं आपलं दुकान मुलाच्या हवाली करून काशीला गेले, पण रेडिओ मुलाच्या हवाली करवेना. मुलाकडे उंदीर होते. म्हणून मन घट्ट करून त्यांनी तो सेलूला, जावयाच्या घरी आणून ठेवला. ठेवताना काट्याच्या बटणाला काळा दोरा बांधला आणि म्हणाले, "चालू करा, बंद करा. काटा नाई फिरवायचा. सिलोन एकदा सापडलं आहे, पुन्हा सापडंल याचा भरोसा नाई." कृष्णकांतला तीन वर्षांत मिळालेला हा पहिला भरवसा होता. आणि आज काशीहून परतलेले नानाजी रेडिओ न्यायला, म्हणजे तो भरवसा तपासायला, जेवायलाच येणार होते.

"वाळवून पाहू," कृष्णकांत म्हणाला.

त्याने बॅटरीसकट रेडिओ अंगणात नेला, बाजेवर ठेवला आणि त्याचं तोंड बरोबर सूर्याकडे केलं. मग तो पंख्याने वारा घालू लागला. तेवढ्यात कुंपणावरून शेजारच्या तानबाचं डोकं वर आलं.

"पाव्हण्याले ऊन देऊन राह्यले का?"

"पानी गेलं आतमंधी."

तानबाने शेतकऱ्याच्या शांतपणाने विचार केला. "पोटातलं पानी उन्हानं नाई निघत. कापूस ओढते ते. थांबा, पहिल्या वेच्याचा आहे घरी."

तो टोपलीभर कापूस घेऊन भर रस्त्याने धावत आला. रस्त्यात त्याला दोघातिघांनी विचारलं, "काऊन रे?" तो म्हणाला, "कृष्णकांतभाऊच्या घरी लागते, लवकर." एवढं बोलून तो पुढे गेला आणि विचारणारे गंभीर झाले. माणसाच्या घरी कापूस घाईघाईने कधी लागतो, हे सेलूत सगळ्यांना ठाऊक होतं.

दोघांनी मिळून रेडिओला चारही बाजूंनी कापूस लावला, वरून गोधडी गुंडाळली. फक्त बटणं तेवढी बाहेर राहिली. हे चाललं असताना नानाजी बसमधून उतरले आणि गावकऱ्यांनी त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती पाहून ते धावतच निघाले. ते तसेच अंगणात शिरले. बाजेवर गोधडीत कोणीतरी निश्चल पडलेलं.

"सुमे," ते कसंबसं म्हणाले, "कोण गेलं?"

"कोनी नाई बाबा. रेडिओ आहे."

नानाजींनी छातीवर हात ठेवून मोठ्ठा श्वास सोडला. तो अर्धा बाहेर आला आणि उरलेला तिथेच अडकला. "माझा रेडिओ?"

कृष्णकांत उभ्या उभ्याच हात मांडीशी नेऊन म्हणाला, "नानाजी, मी पूजा केली त्याची. पानी शिंपडलं. बंद पडला. चूक माही आहे."

नानाजी बाजेच्या कडेला बसले आणि गोधडीवर हात फिरवू लागले. तेवढ्यात फाटकातून समोरचा अच्युत मास्तर आला, आणि तो चक्क आनंदात होता.

हा अच्युत मास्तर शाळेत विज्ञान शिकवायचा. त्या वर्षी जगभरचे शास्त्रज्ञ सूर्याच्या पाळतीवर बसले आहेत असं त्याने वाचलं होतं, आणि सेलूतून कोणीच बसू नये हे त्याला बरं दिसेना. म्हणून तो रोज दुर्बिणीतून सूर्याचा कवडसा धुतलेल्या धोतरावर पाडी आणि त्यावरचे काळे डाग मोजी. सांगायला लागला की लोक कामं काढून निघून जात.

"तुमचंबी सिलोन गेलं का?" त्याने विचारलं.

"मी मारलं," कृष्णकांत म्हणाला.

"तुम्ही कायले? माह्या घरचंबी त्याच वक्ती गेलं. त्या डागांपाशी भडका उडाला असंल. सिलोनच्या लहरी वरच्या हवेले आपटून खाली येतात. भडका उडाला का सूर्याचे किरण त्या हवेत असा काही बदल करतात का ते हवाच लहरी पिऊन टाकते. येईल घंट्याभरात. नागपूर आताबी लागंल, त्याच्या लहरी जमिनीवरून येतात. लावून पाहा."

सगळ्यांनी काळ्या दोऱ्याकडे पाहिलं. मग नानाजींकडे.

नानाजींनी दोरा सोडला, बटणावर दोन बोटं ठेवली आणि तशीच ठेवून राहिले. "जावईबापू," ते हळूच म्हणाले, "तुम्हीच फिरवा. मले येत नाई. दुकानदारानं लावून देल्लं, तवापासून मी हातच नाई लावला."

कृष्णकांतने मांडीवरचे हात उचलले. काटा सरकला, खरखरला, आणि गोधडीच्या आतून नागपूरचा माणूस कापसावरच्या बोंडअळीबद्दल बोलू लागला. तानबा ऐकायला खाली बसला. सुमतीने पदराने डोळे पुसले आणि पुरणपोळीचं पान वाढायला आत पळाली.

जेवताना तिने संधी साधली. "मास्तर, तीन वर्षांमागं, बाबांचं घड्याळ बंद पडलं तवा, सूर्यावर असंच काही झालं असंल ना?"

अच्युत मास्तर खरा माणूस. त्याने घास थांबवून विचार केला. "चोपन्न साली? नाई वहिनी. त्या सालात सूर्य अगदी गुपचूप होता. डाग शोधून सापडत नव्हता."

"म्हणजे घड्याळ बंद पडलं ते जावईबापूंचंच काम," नानाजी म्हणाले. कृष्णकांतचे हात पुन्हा मांडीकडे निघाले.

"राहू द्या हात," नानाजी म्हणाले. "रेडिओबी इथंच राहू द्या. जामले बंद पडला तर नुसता बंद पडंल. इथं निदान कारण तरी सापडते."

संध्याकाळी सोनं वाटून झाल्यावर ते बसकडे निघाले. सिलोनची बाई परत आली होती आणि कापसातून गात होती. फाटकाशी नानाजी थांबले.

"पुढच्या हप्त्यात घड्याळ पाठवतो. पण जावईबापू, खोलायच्या आधी मास्तरले विचारून घेजा. सूर्यावर भरपूर डाग असले, तवाच हात लावजा."