फटक्यामागे एक घागर

जालना जिल्ह्याच्या इतिहासाचे यापुढे दोनच भाग पडतील, गोल्फपूर्व आणि गोल्फोत्तर, असे गोल्फ क्लबाचे अध्यक्ष भुजंगराव यांनी उद्घाटनाच्या भाषणात जाहीर केले आणि टाळ्यांसाठी ते थांबले. तेवढ्यात कुंपणापलीकडच्या वस्तीतल्या म्हस्कूच्या एका मेंढीने नवव्या खड्ड्यावरचा झेंडा काठीपासून सोडवून खायला घेतला. गोल्फोत्तर कालखंडाचा आरंभीचा काळ तिच्या तोंडातून चिंध्या ओढून काढण्यात गेला.

अंकुशनगरहून कुंभार पिंपळगावकडे जाताना भुजंगरावांचा माळ लागतो. त्यावर पूर्वी कुसळाखेरीज काही उगवत नसे. भुजंगराव मुलीला, म्हणजे अर्पिताला, शिक्षणासाठी सोडायला परदेशी गेले होते, तेव्हा त्यांनी गोल्फचे मैदान पहिल्यांदा पाहिले. नजर जाईल तिथवर भिजवलेले रान आणि त्यात पेरलेले काहीच नाही. एवढे पाणी देऊन काढणीचे नावसुद्धा न घेणारी माणसे केवढी मोठी असतील, या विचाराने त्यांची झोप उडाली. परत आल्यावर त्यांनी 'मराठवाडा ग्रामीण गोल्फ क्लब (नियोजित)' स्थापन केला. मैदान झाले, फाटक झाले, सभासद झाले, तरी कंसातले 'नियोजित' तसेच राहू दिले. ते काढले की लोकांच्या अपेक्षा वाढतात, असे सचिव राधेश्यामजींचे मत पडले. राधेश्यामजींचा जालन्यात लोखंडाचा व्यापार आहे आणि त्यांच्या मतांना वजन असते.

माळाच्या टोकाला बोअर घेतला. त्याला धो धो पाणी लागले. हिरवळ उगवली. या खेळात वाळूचे खड्डे मुद्दाम करावे लागतात, तेही केले. वाळू कुठून आली हे विचारण्याची आमच्याकडे पद्धत नाही. बोअरपासून हाकेच्या अंतरावर, तारेच्या कुंपणापलीकडे मेंढवस्तीची विहीर आहे. ती त्याच महिन्यात आटली. समितीने पाहणी करून 'भूगर्भातील नैसर्गिक कारणे' असा निष्कर्ष काढला. लाइट गेली की बोअरची मोटार बंद पडते आणि विहिरीत पाणी वर येते, हेही समितीच्या नजरेला आले होते. अहवालात त्याची नोंद 'भारनियमनाचे अनुकूल परिणाम' या मथळ्याखाली आहे.

हंगामाची पहिली स्पर्धा अर्पिताने जिंकली. ती सुट्टीवर आली होती आणि तिला खेळता येत होते. सगळ्यांत कमी फटक्यांत चेंडू नऊही खड्ड्यांत घालून ती सरबत प्यायला बसली. भुजंगरावांचे फटके त्यांच्या मुनिमाने मोजायला घेतले होते, पण दुपारनंतर त्याने अंदाजाने मोजायला सुरुवात केली. संध्याकाळी चषक लेकीच्या हातात गेला.

"मी सकाळपासून घाम गाळून राह्यलो," भुजंगराव म्हणाले, "अन् जिनं सगळ्यात कमी काम केलं तिला बक्षीस. हे कसं काय बराबर?"

"पप्पा, जगभर असंच आहे. कमी फटके मारतो तो जिंकतो."

"मंग ज्यानं एकबी मारला न्हाई, त्याला काय गावातून मिरवायचा?"

राधेश्यामजींनी मध्यममार्ग काढण्याचा प्रयत्न केला. कमी काम करणाऱ्याला पुढे आणण्याची प्रथा वाईट नाही, पण ती कचेऱ्यांसाठी ठीक आहे, आपला क्लब खासगी आहे, असे ते म्हणाले. सर्वसाधारण सभेने एकमताने ठराव केला की यापुढे ज्याचे फटके जास्त, तो विजयी. ठराव त्या दिवसापासून नव्हे, तर त्याच्या आदल्या दिवसापासून अमलात आला. अर्पिताने चषक बापाच्या हातात दिला.

नव्या नियमामुळे खेळाचा दर्जा झपाट्याने वाढला. चेंडू खड्ड्याच्या काठावर आला की सभासद तो अशा काही कौशल्याने चुकवत, की पाहणाऱ्यांचे डोळे भरून येत. रविवारी सुरू झालेला डाव बुधवारपर्यंत लांबू लागला. सभासदांचे डबे घरून येऊ लागले. एका सभासदाचा चेंडू वाऱ्याने आपोआप खड्ड्यात गेला, तर घरच्यांनी त्याला आठवडाभर धीर दिला.

मग सांघिक सामना ठरला. शहरातल्या एका क्लबाचा संघ पांढऱ्या टोप्या घालून आला, दुपारच्या जेवणाआधी नऊ खड्डे संपवून मोकळा झाला आणि आपणच जिंकलो असे समजून चहा मागू लागला. आमचा संघ तेव्हा दुसऱ्या खड्ड्यावर होता आणि आघाडीवर होता. पाहुण्यांचा गैरसमज दूर करणे आपल्या संस्कृतीत बसत नाही. म्हणून त्यांना विजयी म्हणून फेटे बांधले, नारळ दिले, निरोप दिला. आमचा संघ शुक्रवारी जिंकला, तेव्हा फेटे पुन्हा बांधले. एकाच सामन्यात दोन्ही संघ विजयी झाल्याचे हे उदाहरण निवडणुका सोडल्या तर दुर्मिळ आहे.

आता एकाच गोष्टीची उणीव होती. क्लब म्हटला की धर्मादाय पाहिजे. त्याशिवाय पाहुणे म्हणून कुणाला बोलवायचे आणि बोलावल्यावर त्यांनी भाषण कशावर करायचे? राधेश्यामजी बरेच दिवस एखाद्या गरजू गावाच्या शोधात होते. गाव जवळ हवे, गाडी जाईल असे हवे आणि फोटोत चांगले दिसायला हवे. अशा वेळी एका सकाळी म्हस्कूची बायको आसराबाई रिकामी घागर घेऊन क्लबाच्या फाटकाशी येऊन उभी राहिली.

तिचे म्हणणे थोडक्यात असे होते, की विहिरीचा तळ दिसतोय, माणसे कुठूनही आणून पितील, मेंढरांना कुठून पाजायचे? अक्षय तृतीयेपर्यंत पाणी आले नाही तर वस्ती उठेल. शेजारची दोन घरे आधीच गेली. सासऱ्याने बांधलेली विहीर आहे, ती सोडून जायचे जिवावर येते. तेव्हा मोटार रोज थोडा वेळ बंद ठेवावी.

राधेश्यामजींचा चेहरा उजळला. गरजू गाव स्वतःच्या पायाने चालत आले होते.

त्या संध्याकाळच्या बैठकीत अर्पिताने विचारले, की ती बाई मागते आहे तेवढेच का करू नये? तेव्हा राधेश्यामजींनी तिला दानाचे तत्त्व समजावून सांगितले.

"बेटी, मोटार बंद करणं काही दान नाही. तो तर नुसता स्विच आहे. स्विचवर देणाऱ्याचं नाव कुठं टाकायचं?"

सभेला हे पटले. 'जलदान चषक' जाहीर झाला. प्रत्येक फटक्यामागे मेंढवस्तीला एक घागर पाणी देण्यात येईल, सामना संपताच एकूण घागरींचे टँकर पाठवण्यात येतील, टँकर क्लबाच्याच बोअरवर भरण्यात येतील. अध्यक्ष स्वतः खेळतील. जास्त फटके मारणारा विजयी हा नियम आता नुसता नियम राहिला नाही, त्याला पुण्याची जोड मिळाली.

भुजंगराव दिलदार माणूस. पहिल्याच दिवशी त्यांनी वस्तीला आठवडाभर पुरेल एवढे पाणी मारले. दुसऱ्या दिवशी वर्षाचे. त्यांच्या काठीच्या घावांनी हिरवळीची ढेकळे उडू लागली, आणि उन्हे तर चढत चाललेली. धर्मादाय सामन्याच्या मैदानावर हिरवळ जळालेली बरी दिसत नाही, म्हणून अर्धा दिवस चालणारी मोटार लाइट असेपर्यंत चालू ठेवण्याचे ठरले. त्यामुळे विहिरीत जी काय ओल होती तीही गेली. वस्तीची गरज वाढली. गरज वाढली म्हणून भुजंगरावांनी फटके वाढवले. फटके वाढले म्हणून ढेकळे वाढली, ढेकळे वाढली म्हणून पाणी वाढवले. दान आणि दुष्काळ असे खांद्याला खांदा लावून पुढे निघाले.

मध्येच म्हस्कू टँकर कधी येणार ते विचारायला आला. सामना संपल्यावर, असे त्याला सांगण्यात आले.

"मंग जल्दी संपवा की," म्हस्कू म्हणाला. "चेंडू तर भोकापाशीच हाय. पायानं लोटला तरी जाईल."

ही सूचना भुजंगरावांना लागली. काठी खाली ठेवून ते म्हणाले, "अरे, तुझ्यासाठीच तर चुकवून राह्यलो."

अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी मोठा समारंभ झाला. सामना संपला नव्हता, पण पाहुण्यांच्या तारखा मिळत नाहीत. नवव्या खड्ड्याशेजारी मांडव घातला. हिरवळ नुकतीच भिजवलेली असल्यामुळे मांडवात थंडगार वाटत होते. खुर्चीखुर्चीवर पाण्याची बाटली ठेवलेली होती. पाहुण्यांनी पाणी या विषयावर दोन बाटल्या संपेपर्यंत भाषण केले. मग आसराबाईला वर बोलावून साडीचोळी दिली आणि कमरेएवढ्या उंचीची थर्माकोलची घागर तिच्या हातात दिली. घागरीवर सोनेरी अक्षरांत आजवरच्या घागरींचा आकडा होता आणि आकड्याच्या वर भुजंगरावांचे नाव होते. आसराबाईने ती उचलली, वजन अजमावले आणि आत डोकावून पाहिले.

दोन शब्द बोला, असे तिला सांगण्यात आले.

"आमची मेंढरं उद्या सकाळी निघत्याल," ती म्हणाली. "कुणाला बोल लावायला आले न्हाई. अध्यक्षसाहेब उन्हात उभं राहून आमच्यासाठी मारून राह्यले, ते मी कुंपणाआडून रोज पाहते. मला घागरी नकोत. मोटार तेवढी आज रातीपुरती बंद करा. हिरीत पाणी येतं, सगळ्यांना ठावं हाय. निघण्याआधी मेंढरं एकदा पोटभर पितील."

मग राधेश्यामजींनी ध्वनिक्षेपक घेऊन सांगितले की, ताईंच्या भावना सभागृहाच्या मनाला भिडल्या आहेत, सामना चालू असताना मैदानाच्या पाण्यात बदल करणे नियमात बसत नाही, परंतु आजपासून फटक्यामागे दोन घागरी देण्याचे अध्यक्षांनी मोठ्या मनाने मान्य केले आहे. भुजंगरावांनी मांडवातूनच काठी मागवली. फोटोवाले धावले. अर्पिता उठून मोटारीच्या खोलीकडे गेली आणि परत आली. खोलीला कुलूप होते, आणि किल्ली आभारप्रदर्शन करणाऱ्या सभासदाकडे होती. त्याचा नंबर शेवटचा होता.

पहिल्या दोन रांगांत तुमच्याआमच्यासारखी माणसे होती. चार गोष्टी वाचणारी, असले प्रकार कळणारी, अन्याय दिसला की हळहळणारी. त्यांना सगळे समजले होते. कुणी मान हलवली, कुणी शेजाऱ्याच्या कानात काहीतरी खोचक बोलले, आणि बाई काय बोलली, असे म्हणून सगळ्यांनी मनापासून टाळ्या वाजवल्या. हात मोकळे हवेत म्हणून बाटल्या मांडीत धरल्या होत्या.

आसराबाई थर्माकोलची घागर काखेला लावून पायऱ्या उतरली. पहिल्या रांगेपाशी थांबली, आणि जो सगळ्यात जोरात वाजवत होता त्याच्यापुढे वाकून हळूच म्हणाली,

"दादा, टाळ्या झाल्या असतील तर ती बाटली द्या. अर्धी हाय अजून."