डोळ्यांच्या डॉक्टरांची यादी

म्हाताऱ्या आणि अपंग माणसांपाशी वेळच वेळ असतो, हे सरकारने फार पूर्वी ओळखलं. म्हणूनच आमच्या केंटकीत पासष्टी गाठली की सरकारी आरोग्यविम्याचं जाडजूड पुस्तक हाती पडतं आणि अपंगाला, अपंगत्व सिद्ध झाल्यावरही, त्या विम्यासाठी दोन वर्षं थांबावं लागतं. (तेवढ्यात बरा झाला तर उत्तम, मेला तर आणखी सोयीचं.)

इल्मा क्रॅबट्रीच्या उजव्या डोळ्यात दर महिन्याला सुई टोचावी लागे. नाहीतर नजर जाणार. तिचा गावातला डॉक्टर वारला. तिच्या विमा योजनेत चालणारा दुसरा डॉक्टर सव्वाशे मैलांवर, आणि तिथवर गाडी हाकायला डोळा लागतो. योजना बदलायची मुदत सात डिसेंबर. सहा तारखेला चर्चच्या तळघरात दुसऱ्या विमा कंपनीच्या एजंटाची सभा होती, तिथे ती गेली. अशा सभेत बिस्किटं चालतात, जेवण चालत नाही. वाटीभर सूप पाजलं की म्हाताऱ्यांची बुद्धी विकत घेता येते, असं कायद्याचं मत आहे. बिस्किटावर ती शाबूत राहते.

"व्यायामशाळा फुकट, बाई!" एजंट म्हणाला.

"तिचं दार दिसायला तर हवं, लेकरा! सुई कोण टोचणार, ते सांग."

त्याने आपल्या योजनेतल्या डॉक्टरांची यादी दिली. गावात डोळ्यांचे डॉक्टर नऊ. अक्षर इतकं बारीक, की ज्याला ते वाचता येईल त्याला डॉक्टर नकोच. (काटकसर वाखाणण्याजोगी.) म्हणून शेजारच्या विल्बर्नने वाचली. छपरावरून पडल्यापासून तो चाकाच्या खुर्चीत होता, आणि दोन वर्षांपैकी एकोणीस महिने यशस्वीरीत्या थांबला होता.

"हे तिघं निवृत्त झाले, काकू. हे दोघं फ्लोरिडात मासे धरतायत. हा गाईंचे डोळे बघतो. आणि या दोघांना मीच खांदा दिलाय, चालत होतो तेव्हा. त्यातला एक तुमचाच!"

"पण इथं लिहिलंय, नवे पेशंट घेतात," एजंट म्हणाला.

"घेणारच की! मीही निघालेच आहे तिकडे," म्हणत इल्माने अर्ज कोरा परत केला आणि दोन बिस्किटं पर्समध्ये टाकली.

मुदत उलटली. (आणखी एक मुदत मार्चअखेरपर्यंत असते. ती पुस्तकात आहे.) एप्रिलमध्ये डोळा गेला.

यादीची गावाने यथेच्छ टिंगल केली, तुम्हीही हसलात. पण यादी अगदीच खोटी नव्हती. डॉक्टर नऊ होते, विल्बर्नने आठच सांगितले. नववी बाई गावात नवी, त्याच्या ओळखीची नाही, म्हणून ते नाव तो गाळून गेला. चर्चच्या मागच्याच गल्लीत ती रोज पाचपर्यंत बसलेली असे.

इल्माला दिसत नव्हतं. एजंटाने यादी कधी वाचलीच नव्हती. तुमचे डोळे मात्र चांगले आहेत, आणि या गोष्टीचं अक्षरही काही बारीक नव्हतं.