सावळाभावजींची दवंडी

बातम्या लागल्या रे लागल्या, की आमचे सावळाभावजी रेडिओवर घोंगडी टाकायचे. एकीनं आवाज दबला नाही तर दुसरी टाकायचे आणि वर पाठ लावून बसायचे. आत बातम्या देणारा बिचारा गुदमरल्यागत बोलत राहायचा. चावडीतली माणसं ओरडायची, "आरं सावळा, काड की ती घोंगडी!"

भावजी ढिम्म. "न ऐकल्याली दवंडी लागू व्हत न्हाई," एवढंच म्हणायचे.

माझे काही हे सख्खे दीर नव्हेत. शेजारी एकटेच राहायचे, आमच्या ह्यांच्या बरोबरीचे, म्हणून भावजी. मुळशीतल्या आमच्या गावाला सरकारनं रेडिओ दिला, तेव्हा तो सांभाळायला कुणी पुढं येईना. तारेवर वीज पडेल, ब्याटरी फुटेल, एक ना दोन. आणि पुढं आलं कोण, तर गावातला सगळ्यात भित्रा माणूस! मी म्हटलं, "भावजी, कोंबडा आरवला तरी दचकताय तुमी. ही ब्याद कशाला गळ्यात घेतली?"

"वैनी, साप घरात शिरलाच, तर नजरंम्होरं असल्याला बरा."

रेडिओला ते 'दवंडीवाला' म्हणायचे. त्यांचं मूळ गाव धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. ते पोरसवदा होते तेव्हा दवंडी आली, गाव उठवायचं म्हणून. "बा दारात उबा ऱ्हायला, समदी दवंडी ऐकून घेतली, मान बी हालवली," भावजी सांगायचे. "तितंच फसलो. कानात बोटं घातली असती, तर आज दारातला फनस तरी आपला असता."

असल्या माणसाला काय बोलणार, कपाळ! त्यांच्या घरात बघाल तर भांडीकुंडी बोचक्यात बांधलेली. तवा, ताटली नि एक तांब्या तेवढा बाहेर. दारात झाडाचं पान नाही. मी म्हणायची, "भावजी, सावलीला एकादं झाड तरी लावा." तर म्हणे, "झाड पाठीवर टाकून नेता येतंय व्हय?" लग्नाचं काढलं, तर म्हणे, "दुसऱ्याच्या लेकीला कितींदा उटवायची?" मी पदराआड हसायची. आता वाटतं, हसले कशाला.

एका वर्षी भात काढून झाला आणि मोजणीवाले आले. माळावर साखळ्या ओढल्या, खुंट्या ठोकल्या, दगडांवर चुन्यानं खुणा केल्या नि निघून गेले. कशासाठी, ते काही सांगेनात. कुणी म्हणालं रस्ता होणार, कुणी म्हणालं धरणाची भिंत वाढणार. नुकतीच घरावर नवी कौलं चढवली होती आम्ही. सगळ्या गावाच्या तोंडचं पाणी पळालं.

आणि गंमत बघा. त्या दिवसापासून बातम्यांच्या वेळी "घोंगडी काड" म्हणणारा एकही निघेना. एकदा तर घोंगडीला भोक होतं, तिथून आवाज येत होता, तेव्हा पाटलांनी खांद्यावरचं उपरणं काढून त्यात कोंबलं. पाटलांनी!

अशातच पुण्याहून रेडिओवाले आले. जीपमधून आवाज भरून घ्यायचं एक जडशीळ यंत्र उतरवलं. साहेब पोरगेलासा, पण गोड बोलायचा. म्हणाला, "इतकी वर्षं आम्ही बोलत होतो, तुम्ही ऐकत होता. आता तुम्ही बोला. आम्ही ऐकू, आणि सगळ्यांना ऐकवू." म्हणजे रेडिओला आता कान फुटले होते म्हणायचे! मग त्यानं जपानी भातशेतीविषयी एकेकाला विचारायला सुरुवात केली. आम्ही बायका चावडीच्या दारात उभ्या होतो.

भावजींची पाळी आली. साहेबानं विचारलं, "रोपं ओळीत लावता का?"

भावजींनी डोळे गच्च मिटले, नि दवंडीवाला ओरडतो तसा सूर लावला.

"ऐका हो ऐका! ह्या गावातल्या कुनीबी कुटं जायाचं न्हाई! घरं हायेत तितंच ऱ्हातील! झाडं हायेत तितंच ऱ्हातील! आन् सावळा बी हितंच ऱ्हाईल होऽ!"

साहेबाचा हात यंत्र बंद करायला गेला होता, तो तसाच राहिला. मग साहेब बरोबरच्याला हळूच म्हणाला, "राहू दे हे."

कार्यक्रम लागायचा त्या दिवशी भावजी दारोदार हिंडले. आजवर घोंगड्या टाकणारा हा माणूस हात जोडून सांगत होता, "वैनी, तुमी बी या. लक्ष दिऊन ऐका." चावडी भरली. भाताचं गुऱ्हाळ संपेना. आमचा जीव टांगणीला, तो तुकडा कापला तर नसेल? भावजी खांबाला धरून उभे होते. आणि आला हो आवाज, खरखरत, कापत. सबंध चावडीत कुणी हसलं नाही. म्हाताऱ्या पाटलीणबाईंनी तर रेडिओला हात जोडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर भावजींच्या दारात खड्डा खणलेला, त्यात फणसाचं हातभर रोप. घरातलं बोचकं सोडलेलं. इतकी वर्षं बांधून ठेवलेल्या पितळी हंड्यातनं ते रोपाला पाणी घालत होते. समोर माळावर चुन्याच्या खुणा तशाच होत्या. माझी नजर तिकडं गेली, तशी त्यांचीही गेली. त्यांनी हंडा खाली ठेवला.

"वैनी," त्यांनी लहान पोरागत विचारलं, "लागू व्हईल न्हवं? तुमी ऐकलीसा न्हवं?"

"ऐकली, भावजी," मी म्हटलं. "समद्या गावानं ऐकलीया."