रघूभावोजींची कोंबडी आणि दातवाला पक्षी

जावई ओटीवर बसलेले, मसाला वाटून झालेला, आणि माझे धाकटे दीर रघूभावोजी कोंबडी पोटाशी धरून खुराड्यात शिरलेले. बाहेर नुसते पाय.

"बाबा, भाईर या. लाज काढली तुमी!" त्यांची मुलगी वैशाली सुरी घेऊन उभी होती. लग्नानंतर जावई पहिल्यांदा जेवायला आला की आमच्याकडे घरची गावठी कोंबडी कापतात. शहापुरातून आणलेला ब्रॉयलर वाढला तर गावभर नावं ठेवतात.

खुराड्यातून आवाज आला, "हिच्या पूर्वजांना दात होते!"

मी कपाळाला हात लावला. भावोजी मुरबाडच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. निवृत्त झाले, पण शिकवणं थांबलं नाही. त्यांच्या देवांशेजारी एका दगडाचा फोटो आहे. दगडात पक्ष्याचा ठसा; नाव आर्किओप्टेरिक्स. मी चौथी शिकलेली, पण ऐकून ऐकून मला पाठ झालंय. अंगावर पिसं पाखराची, तोंडात मात्र दात, पंखांना नख्या, शेपटीत सरड्यासारखं लांब हाड. मासळीवाली आली तरी तिला हेच सांगतात. ती वाटा ठेवून पळते. पण समोरच्याला अडाणी समजून हा माणूस कधी बोलला नाही. म्हणून मी ऐकते.

"वयनी, तुमी सांगा हिला. पिसं आली म्हणून दात लगेच गेले नाय. एकदम काय सुटत नाय. जुनं लय दिवस अंगावर राहतं."

"कोंबडीचंच बोलताय ना?" मी विचारलं.

बाहेर राहिलेले पायही आत ओढले गेले.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी वैशालीला म्हटलं, "सुरी ठेव. दोन वर्षांमागं दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी तुझ्या आईनं खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवली होती. पिल्लं निघाली, पण शांता घरी आली नाय. पिल्लांतलं मुंगसानं एकच सोडलं. ती ही."

वैशालीनं सुरी खाली ठेवली. आत जाऊन तिनं वाल सोलायला घेतले.

जावई मात्र उठले, खुराड्यापाशी उकिडवे बसले. "बाबा, मग ते दात गेले कसे?"

भावोजी सरपटत बाहेर आले. डोक्यावर पिसं, तोंडावर हसू. वालाचं बिरडं शिजेपर्यंत सांगत बसले.

शांता गेली, वैशाली सासरी गेली; त्या घरात दोघंच उरली. रघूभावोजी आणि ती कोंबडी.