अर्धा सूर खाली

संध्याकाळी हॉटेलवर जायच्या आधी भाऊ खोलीचं दार लावून पलंगाच्या कडेवर बसायचा आणि गिटारच्या सहाही खुंट्या सैल करायचा. इतर गिटारवाले सूर लावतात, भाऊ उतरवायचा. त्याची बायको कपड्यांच्या घड्या घालता घालता हा उद्योग बघत असे.

"अजून किती सैल करणार? आता त्या तारांवर टॉवेल वाळत घालता येईल."

"हळू बोल. सरकारांच्या इज्जतीचा प्रश्न आहे."

"सरकार राहतात शहराच्या पार त्या टोकाला. त्यांना इथलं काय ऐकू जाणार आहे?"

सरकार म्हणजे भाऊचे गायक. भर उन्हाळ्यातही कोट घालून गात, म्हणून हॉटेलातल्या लोकांनी त्यांना हे नाव दिलं होतं. जेवणाच्या हॉलमध्ये एका कोपऱ्यात दोन खुर्च्या टाकून हे दोघे कित्येक वर्षं रोज संध्याकाळी गात-वाजवत आले होते. भाऊ बोटांनी वाजवणारा. नखी वापरून तारांवर तलवारबाजी करणाऱ्यांतला तो नव्हता. साथीदाराने गायकाच्या मागे राहावं आणि गायक अडखळला तर पुढे होऊन झाकावं, एवढंच त्याचं शास्त्र. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ती झाकायचं काम गिटारवाल्याचं.

झालं असं होतं, की एकदा सरकारांना सर्दी झाली आणि वरच्या सुरावर त्यांचा आवाज फाटला. गायकाला "पट्टी जरा खाली घेऊ या का?" असं विचारणं म्हणजे टोप घातलेल्या माणसाला केसांबद्दल विचारणं. म्हणून दुसऱ्या दिवशी भाऊने गुपचूप सगळ्या तारा अर्धा सूर खाली उतरवल्या. बोटांच्या जागा बदलूनही पट्टी खाली घेता आली असती, पण गाताना सरकारांची नजर कायम त्याच्या डाव्या हातावर. बोटं दुसरीकडे पडली असती तर ते त्यांनी तिथेच ओळखलं असतं. सरकार त्या पट्टीत गाऊन मोकळे झाले. भाऊला वाटलं, पचलं.

पण काही महिन्यांनी त्यांचा आवाज जड यायला लागला. गाण्याची सुरुवातच खोल विहिरीतून आल्यासारखी. वय झालं, दुसरं काय, असं म्हणून भाऊने आणखी अर्धा सूर उतरवला. आवाज आणखी जड झाला. भाऊने आणखी उतरवला. सैल तारा जोरात छेडल्या की फडफडतात, म्हणून तो अगदी हळुवार, गोंजारल्यासारखा वाजवू लागला. शहरातले जाणकार म्हणाले की भाऊचा हात आता परिपक्व झाला. दोन-चार तरुण गिटारवाल्यांनी तर त्याचं बघून आपल्याही तारा सैल केल्या.

काही वर्षं असं चाललं, पुढेही सुखाने चाललं असतं, पण हॉटेलच्या मालकाने पियानो घेतला.

पियानोबरोबर पियानोवाल्या बाईही आल्या. मॅनेजरने भाऊला कोपऱ्यात घेतलं. "शनिवारी मालक स्वतः ऐकायला येणारेत. तिघांचं जमलं तर तिघं. नाही जमलं तर पियानो एकटाच वाजेल. मी माझ्याकडून सांगून ठेवलं."

भाऊची पाचावर धारण बसली. पियानो काही खुंट्या पिळून उतरवता येत नाही. तो मूळ पट्टीत वाजणार, सरकार त्या पट्टीत गायला जाणार आणि भर हॉलमध्ये तोंडघशी पडणार. नोकरी जाईल ती जाईलच, पण आपला आवाज गेला हे त्या माणसाला लोकांचे घास तोंडापाशी थांबलेले असताना कळेल. भाऊला ते सहन होण्यासारखं नव्हतं.

हॉल रिकामा असताना त्याने बाईंना गाठलं आणि सगळं सांगितलं. बाई करड्या होत्या, पण दुष्ट नव्हत्या.

"एवढंच ना? मी खालच्या पट्टीत वाजवते. कुठे आहात तुम्ही, ते वाजवून दाखवा."

भाऊने तार छेडली. बाईंनी एक पट्टी दाबली, मग तिच्या शेजारची दाबली आणि पुन्हा पहिली दाबली.

"भाऊ, तुम्ही दोन्हींच्या मध्ये आहात. तिथे माझ्याकडे पट्टीच नाही."

इतकी वर्षं अंदाजाने उतरवत गेल्याचा हा परिणाम. वर चढावं तर सरकारांचा गळा आणि खाली उतरावं तर तारा गळून पडायच्या बेतात. भाऊने खाली उतरायचं ठरवलं आणि त्यासाठी जाड तारा आणल्या. जाड तारा दांडीच्या टोकाच्या खाचांत बसेनात. शनिवारी दुपारी त्याने बायकोची नखं घासायची कानस घेतली आणि खाचा रुंद करायला बसला.

"तुम्ही हे आधी कधी केलंय का?" बायकोने विचारलं.

"नुसतं घासायचं तर आहे."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. एक खाच इतकी खोल गेली की जाड तार सरळ दांडीवर आडवी पडली आणि छेडली की माशी अडकल्यासारखा आवाज करू लागली. भाऊ धावत ओळखीच्या वाद्यांच्या दुकानात गेला. दुकानदाराने विश्वासाने नवीकोरी गिटार उसनी दिली. तिच्या तारा बारीक आणि दांडीला अगदी लगटून बसवलेल्या. हॉटेलच्या मागच्या जिन्यात उभं राहून भाऊने त्या उतरवायला घेतल्या, तर थोडं उतरवताच सहाच्या सहा तारा किरकिरायला लागल्या. ती गिटार मूळ पट्टीखाली एक पायरी उतरायला तयार नव्हती. तेवढ्यात मॅनेजरने हाक मारली. मालक येऊन बसले होते.

भाऊने तारा पुन्हा चढवल्या आणि हॉलमध्ये येऊन तो बाईंच्या कानाशी वाकला. "मूळ पट्टी."

"आणि ते?"

"ते आता देवाच्या हातात."

भाऊने सुरुवातीचे सूर वाजवले. सरकारांनी चमकून त्याच्या डाव्या हाताकडे पाहिलं, मग तोंडाकडे. भाऊने मान खाली घातली. सरकारांनी कोटाचं बटण सोडलं आणि गायला सुरुवात केली.

आवाज कुठून आला हे भाऊला आधी कळलंच नाही. मोकळा, भरलेला, स्वच्छ आवाज हॉलभर पसरला. वरचा सूर आला आणि सरकार त्यावर एखाद्याने आपल्याच घराचं दार उघडावं तसे सहज गेले आणि वर जरा रेंगाळलेही. वाढपी पातेली हातात धरून उभे राहिले. मालकांनी चमचा खाली ठेवला. भाऊ वाजवत होता, पण आपण काय वाजवतोय इकडे त्याचं लक्ष नव्हतं.

कार्यक्रम संपल्यावर मालक तिघांशी हात मिळवून गेले. मॅनेजर म्हणाला, तिघंही कायम. स्वयंपाकघरालगतच्या खोलीत आल्याबरोबर सरकारांनी भाऊचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. त्यांचे डोळे भरून आले होते.

"बरी झाली का रे बोटं?"

"कसली बोटं?"

"आता तरी लपवू नकोस. मला काय दिसत नव्हतं? माझ्या सर्दीच्या सुमाराला तू तारा सैल केल्यास, तेव्हाच मी ओळखलं. ताठ तार दाबवत नाही, बोटांतली ताकद गेली याच्या. मग आणखी सैल केल्यास. वाजवणं हळू झालं. दर वेळी काळजाला घरं पडायची माझ्या. पण तुला विचारणार कसं? गिटारवाल्याला बोटांबद्दल कसं विचारायचं?"

"म्हणून तुम्ही..."

"गात राहिलो तळघरात. माझा गळा काही त्या पट्टीचा नाही रे, घोगरा यायचा आवाज, पण म्हटलं, याचं निभावलं पाहिजे. शेवटी मालकांच्या मागे लागून पियानो घ्यायला लावला. म्हटलं, तुझ्या हातावरचा भार तरी हलका होईल."

भाऊच्या घशाशी सगळं खरं आलं होतं. पण ते सांगायचं म्हणजे, सरकार, तुमचा आवाज गेला असं समजून मी इतकी वर्षं तुम्हाला विहिरीत उतरवत होतो, असं सांगायचं. समोरचा माणूस त्याच्या बोटांना हलकेच चोळत होता. भाऊचा जीव विरघळला.

"हो," तो म्हणाला. "आता बरीच बरी आहेत."

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे दोघांनी मिळून एकमेकांचा गळा आणि हात बिघडवला. तोंड नावाचं वाद्य कुणालाच वाजवता येईना."

तेव्हापासून गाणी मूळ पट्टीत होतात. सरकार रोज गाण्याआधी हॉलमधल्या लोकांना सांगतात, की माझ्या मित्राच्या बोटांनी मोठ्या दुखण्यातून वर येऊन ही साथ धरली आहे. लोक टाळ्या वाजवतात. बाई त्या वेळी पियानोकडे बघत बसतात. भाऊला मग एक-दोनदा बोटं झटकावी लागतात, नाहीतर लोकांना बरं वाटत नाही.

आणि इतक्या वर्षांनी ताठ तारा दाबायच्या म्हणजे काय, ते आता त्याला कळू लागलंय. अलीकडे डाव्या हाताचं मधलं बोट खरोखरच दुखतं, सकाळी तर वाकतही नाही. पण ते त्याने कुणाला सांगितलेलं नाही, आणि कार्यक्रमात झटकताना तो नेमकं ते बोट सोडून बाकीची झटकतो. सरकारांना संशय आला तर ते लगेच पट्टी खाली आणतील.