विरजणाची वाटी

कळंबला सासऱ्यांच्या अंगणातून मनोज पुन्हा एकदा संडासाकडे निघाला, तेव्हा चेहऱ्यावर त्याने सहज फेरफटका मारायला निघाल्याचा भाव आणला होता. त्याचा काही उपयोग नव्हता. संडास अंगणाच्या टोकाला, आणि अंगणाच्या मधोमध सासरे येसाजी वालाच्या शेंगा निवडत बसलेले. सकाळपासूनची ही कितवी फेरी, हे मोजायचं मनोजने सोडून दिलं होतं. येसाजींनी सोडलं नव्हतं.

"जावयबापू, बादली भरून ठेवलीय," ते म्हणाले. इतक्या आदराने आपल्याला तिकडे पोचवलं जावं, याची मनोजला मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटली.

परत आला तर बायको, नम्रता, दारात उभी. "कालची पोपटी बाधली वाटतं तुम्हाला."

"हो, पोपटीच असणार," मनोज लगेच म्हणाला.

पोपटी येसाजींनी स्वतः लावली होती. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, कणगराचे कंद, सगळं स्वतःच्या हातानं भरून जाळात भाजलेलं. "आमची पोपटी आजवर कुनाला बाधली नाय," ते पुटपुटले आणि हातातली शेंग नाकाशी नेऊन हुंगू लागले.

खरं कारण मनोजच्या बॅगेत होतं. रसायनीच्या एका कारखान्यात तो लॅबमध्ये कामाला होता. रसायनांची नावं तोंडपाठ असल्यामुळे औषधांतलंही आपल्याला कळतं, असा त्याचा समज होता. मोहोपाड्याच्या कॉलनीत लोक त्याच्याकडे डोकेदुखीची गोळी मागायला येत, त्यामुळे तो समज चांगलाच बाळसं धरून होता. गेल्या आठवड्यात घसा जरासा खवखवला, तर पठ्ठ्याने नम्रताच्या दाढेच्या वेळची उरलेली अँटिबायोटिक्स संपवली, आणि तेवढ्याने समाधान होईना म्हणून शेजाऱ्यांकडची दुसरी कसलीशी घेतली. घसा सुटला आणि पोटाने धरलं.

दुपारी पेंढ्याच्या उडवीमागे जाऊन त्याने कर्जतच्या डॉक्टरांना फोन लावला.

"कुणी दिल्या गोळ्या?"

"घरात होत्या."

"दोन प्रकारच्या?"

"हो."

"अहो, पोटात जंतूंची वस्ती असते. त्यातले चांगले जंतू वाईटांना आवरून धरतात. तुम्ही एका घशापायी अख्खी वस्ती उठवलीत. गोळ्या बंद करा. मीठ-साखरेचं पाणी पीत राहा, मऊ भात खा, घरचं दही खा. सोमवारपर्यंत थांबलं नाही तर येऊन दाखवा. आणि तुम्ही लॅबमध्ये असता ना?"

शेवटच्या प्रश्नाला उत्तराची अपेक्षा नव्हती.

भाताचं ठीक होतं, पण दही मागायचं कुठल्या तोंडाने? आल्या आल्या सासूबाईंनी, भागूबाईंनी, त्याचा अजून जरा बसलेला आवाज ऐकून फर्मान काढलं होतं. "घसा धरलाय तुमचा. दह्याताकाला हात लावायचा नाय." आता दही मागायचं म्हणजे गोळ्यांची कथा सांगायची, आणि बिचाऱ्या पोपटीवर आळ घेतला हेही सांगायचं. त्यापेक्षा चोरी सोपी वाटली.

घरात त्या दिवशी वेगळीच धांदल होती. गावाजवळच्या एका रिसॉर्टने रविवारच्या जेवणासाठी मठ्ठ्याची ऑर्डर दिली होती. ती आणली होती सुरभीने, म्हणजे मनोजचा मेहुणा नवीन याच्या नव्या बायकोने, स्वतः जाऊन, बोलून. भागूबाईंना सुनेचं हे धाडस फारसं रुचलं नव्हतं. "इरजण माझं, हात तुझा," त्या म्हणाल्या होत्या. "लागलं तर पुढं बघू. नाय तर हे धंदे बंद." सुरभी दोन दिवस नीट जेवली नव्हती.

दुपारी बायका घरोघरचं दूध गोळा करायला गेल्या, बाप्ये वालाच्या शेतावर. मनोज स्वयंपाकघरात शिरला. दह्याचं पातेलं कुठे दिसेना. फळीवर फक्त एक झाकलेली वाटी होती. त्याने उभ्या उभ्या ती संपवली, कडेचं बोटाने निपटून घेतलं. मग लॅबमधली सवय आड आली. वापरलेलं भांडं तसंच ठेवणं त्याला जमत नसे. त्याने वाटी घासली, विसळली आणि पालथी घालून ठेवली.

दिवेलागणीला पातेलंभर दूध कोमट होऊन तयार झालं. भागूबाईंनी फळीकडे हात नेला.

"सुरभी, इरजणाची वाटी कुनी धुतली गं?"

ओटीवर बसलेल्या मनोजने मोबाइल काढून त्यात डोकं घातलं.

"मी नाय धुतली, आई."

"मग काय वाटीनं सोताच आंघोळ केली? माझ्या आईनं लग्नात दिलेलं इरजण गं ते. एक दिवस खंड पडू दिला नाय मी."

नवीन शेजारी धावला आणि हात हलवत परत आला. दिवा लागल्यावर दूध-दही घराबाहेर द्यायचं नाही, असा सगळ्या आळीचा रिवाज. पिशवीचं दही आणतो, असं म्हणत मनोज नवीनच्या गाडीची किल्ली घेऊन उठला, फाटकापर्यंत गेला, आणि तिथूनच घाईघाईने संडासाकडे वळला.

तो परत आला तेव्हा सुरभी डोळे पुसत होती. "धुतली असंल मीच, आई. इतकी भांडी घासली, ध्यानात नसंल. माफ करा."

न केलेली चूक ती पोर पदरात घेत होती. मनोजला तिच्याकडे बघवेना.

"मी खाल्लं," तो म्हणाला. "वाटीपण मीच धुतली."

"तुमचा घसा धरलाय ना?" भागूबाईंना दुसरं काही सुचलंच नाही.

मग एकेक करून सगळं बाहेर आलं. गोळ्या, डॉक्टर, वस्ती. ऐकता ऐकता येसाजी उठून उभे राहिले. "म्हंजे पोपटीचं काय नव्हतं?"

"नव्हतं."

"सकाळपासनं शेंगा हुंगतोय मी," येसाजी म्हणाले आणि पुन्हा खाली बसले.

भागूबाईंनी पालथी वाटी उचलून सरळ ठेवली. "औषधाला मागितलं तर रातचंबी दही देत्यात. पन ज्याचं दुखनं त्यानं सोता मागायचं." हा नियम घरात आधी कुणी ऐकला नव्हता, पण विचारायची हिंमत कुणाला होणार?

मनोज कुंपणाशी गेला. पलीकडे गोदामावशी राहत. त्यांचा आवाज शेताच्या या बांधावरून त्या बांधापर्यंत जाणारा.

"मावशी, जरा दही हवं होतं. औषधाला."

"कुनाला रं बाबा?"

"मला."

"काय झालं?"

"पोट."

"दुखतंय का लागलंय?"

"लागलंय," मनोज जमिनीकडे बघत म्हणाला.

"आगं बाय, जावयाला लागलंय म्हनं," गोदामावशींनी मागे वळून घरात सांगितलं, आणि त्याबरोबर पलीकडच्या दोन घरांनाही. दारं उघडली. पातळ का घट्ट, पोटात मुरडा येतो का, अशी चौकशी झाली आणि मनोजला प्रत्येक दारी उत्तर द्यावं लागलं. थोड्या वेळाने भागूबाईंच्या ओट्यावर दह्याच्या वाट्या रांगेने उभ्या होत्या. एक जावयाला मिळाली, बाकीच्या दुधात गेल्या.

सकाळी दही असं लागलं होतं की पळी उभी राहावी. रिसॉर्टवाल्यांनी पुढच्या रविवारचंही सांगून टाकलं. "हात बरा हाय तुझा," भागूबाई सुनेला म्हणाल्या. सुरभीने त्या दिवशी पोटभर जेवून घेतलं.

निघताना भागूबाईंनी नम्रताच्या हातात गोदामावशींकडच्या दह्याचा डबा ठेवला. "हे जावयाच्या पोटाला. आनि माझ्या आईचं इरजण लग्नात तुला दिलंय ना गं? पुढल्या रविवारी वाटीभर घेऊन ये. माझं गेलं तरी तुझ्याकडं हाय, तेवढाच जिवाला आधार."

आळीतून रिक्षा निघाली, तेव्हा प्रत्येक ओटीवरून "पोट कसं हाय?" आलं आणि मनोजने प्रत्येकाला "बरंय" म्हटलं. डांबरी रस्ता लागल्यावर त्याला जरा हायसं वाटलं. "बरं झालं, विरजण तुझ्याकडे तरी आहे."

नम्रता बाहेर बघत होती. "नाहीये. दिवाळीत तुमच्या गावाला गेलो तेव्हाच मेलं ते. तेव्हापासून पिशवीचंच दही आणतेय मी."

मनोजने हसू लपवायला तोंडावर हात धरला. कालपासून पहिल्यांदाच लाज दुसऱ्या कुणाची तरी होती. "मग सांगून टाक आईंना."

"काल सांगितलंत तेव्हा कसं वाटलं तुम्हाला?"

मनोजला कुंपण आठवलं. "वाईट."

नम्रताने मांडीवरच्या डब्याचं झाकण दाबून घट्ट केलं. "म्हणून याला हात लावायचा नाही. पुढच्या रविवारी हेच आजीचं विरजण म्हणून न्यायचंय."

पोट अजून पुरतं सावरलं नव्हतं. मनोजने मान हलवली आणि रिक्षावाल्याला जरा लवकर घ्यायला सांगितलं.