ओकच्या पानांची ओपीडी

आमच्या इमारतीच्या अंगणात ओकचं एक जुनं झाड आहे, आणि त्याच्याखाली रोज सकाळी एक गृहस्थ पानांना पाठ दाखवायला सांगतात. दोन बोटांत देठ धरून पान हलकेच उलटं करायचं, चष्म्यावर चिमट्याने लावलेलं भिंग डोळ्यावर ओढायचं आणि शुद्ध मराठीत विचारायचं, "कधीपासून आहे हे?"

पान काही बोलत नाही. गृहस्थांची त्याबद्दल तक्रार नाही. बोलणारा पेशंट दिशाभूल करतो, असं त्यांचं मत आहे.

हे डॉक्टर पाटणकर. मिरजेत जन्मभर त्वचारोगाचा दवाखाना चालवलेले. त्यांची लेक केतकी इथे जर्मनीत, रेगेन्सबर्गला मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर आहे आणि आमच्या वरच्या मजल्यावर राहते. त्यांच्या पत्नी सुमनकाकू गेल्यापासून काका दर उन्हाळ्यात तीन महिने तिच्याकडे येतात. पहिल्या वर्षी विमानतळावरून घरी आणतानाच केतकीने त्यांना बजावलं होतं, "बाबा, इथे कोणालाही तपासायचं नाही. इथला डॉक्टरकीचा परवाना नाही तुमच्याकडे." काकांनी ते इतकं मनावर घेतलं, की माझ्या नवऱ्याच्या मानेवरचा नायटा समोर आला की ते खिडकीबाहेर बघायला लागायचे.

"माणसाला हात लावायची मला इथे बंदी आहे," ते मला म्हणाले. "झाडाबद्दल कोणी काही बोललेलं नाही."

अशी ती ओपीडी सुरू झाली.

ओकच्या पानांवर इतकं काही उगवतं हे इथे इतकी वर्षं राहूनही मला ठाऊक नव्हतं. मी सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणारी बाई, माझी मान कायम लॅपटॉपमध्ये. काकांनी एकदा मला खाली बोलावून सगळा वॉर्ड दाखवला. पानाच्या पाठीवर चपट्या, तांबूस टिकल्या. दुसऱ्या पानावर सोनेरी रेशमाचा दोरा गुंडाळल्यासारखी बारीक बटणं. कुठे शिरेला चिकटलेलं लालसर करवंद, आणि फांदीच्या टोकाला लाकडासारखी टणक गोटी. काकांनी त्यांची नावंही हीच ठेवली आहेत: टिकली, बटण, करवंद, गोटी. लॅटिन नावं त्यांना पाठ आहेत, पण ती समोरचा फार शहाणपणा करायला लागला तरच बाहेर निघतात.

"कीड आहे का हो काका?" मी विचारलं.

"कीड काय म्हणतेस," काका दुखावले. "गाठ आहे ती. मुंगीएवढी गांधीलमाशी येते, पानात अंडं घालते नि जाते निघून. मग झाड त्या पोराभोवती घर बांधतं. प्रत्येक जातीच्या माशीला वेगळ्या नमुन्याचं. आत पोर खाऊनपिऊन सुखी. दुसऱ्याचं पोर बरं का, पण झाड त्याला खोली काढून देतं आणि वर जेवायलाही घालतं. झाडाला त्याचा त्रास काही नाही."

"मग यावर उपाय?"

"काही करायचं नाही. निम्मं त्वचाशास्त्र म्हणजे खाजवू नका. उरलेलं निम्मं म्हणजे घरचं काही लावू नका."

हे सगळं एका हाताने चालतं. डावा हात पँटच्या खिशात, आणि खिशात काहीतरी सारखं फिरत असतं. सुपारी असणार, असं मी धरून चालले होते.

पाठ बघायची ही सवय पानांपुरती राहिली असती तरी ठीक होतं. काकांना थालीपीठ वाढलं तर ते आधी उलटून बघतात. "मागून कच्चं आहे," असं शांतपणे सांगतात. निदान अचूक असतं, हे त्यातलं सगळ्यात वाईट. दुकानातली वांगी, टपालातली पाकिटं, मी दिलेला स्वेटर, सगळं उलटून बघितल्याशिवाय त्यांचं समाधान होत नाही. "पुढून सगळेच बरे दिसतात," असं ते म्हणतात. स्वेटर त्यांनी आतून तपासला आणि किमतीची चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली.

घरगुती उपायांशी त्यांचं जुनं वैर. केतकी सांगते, दवाखान्याच्या भिंतीवर तिचा सहा महिन्यांची असतानाचा फोटो होता. गुबगुबीत, अंगावर कपडा नाही, आणि खाली ठळक अक्षरांत 'हे बाळ गुटीशिवाय वाढले आहे.' लेकरू घेऊन आलेल्या प्रत्येक बाईला काका तो फोटो दाखवून दम भरायचे. मिरजेतल्या दोन पिढ्यांनी आपल्याला उघडं पाहिलंय, हे केतकीचं दुखणं. ती हे सांगते तेव्हा सगळे पोट धरून हसतात. काका मात्र हसत नाहीत. "जाऊ दे गं ते," म्हणतात आणि झाड बघायला खाली जातात. मला वाटायचं, वय झालं, जुन्या लढायांचा कंटाळा आला असेल.

तर यंदा सप्टेंबरात या झाडावरच संकट आलं. आमच्या इमारतीतल्या घरमालकांची वर्षातून एकदा सभा होते. तिचं जर्मन नाव इतकं लांब आहे, की ते पुरतं उच्चारेपर्यंत निम्मे लोक येऊन बसलेले असतात. या वेळच्या विषयांत एक विषय होता: आजारी ओक तोडणे. तळमजल्यावरच्या फ्राऊ लाइटनर यांनी तो मांडला होता. पानांवर फोड आलेत, गोट्या मुलांच्या वाळूत पडतात, आणि त्यांच्या नातवाच्या अंगावर पुरळ आलं होतं. ओकवर केसाळ सुरवंट होतात आणि त्यांच्या केसांनी पुरळ येतं, हे इथे शेंबडं पोरही जाणतं. तेव्हा झाड आजारी, आणि आजारी झाड तोडलेलं बरं.

मी हे काकांना सांगितलं तेव्हा त्यांचा खिशातला हात थांबला. "आजारी? निदान कोणाचं?"

त्या दिवशी त्यांनी थालीपीठ न उलटता खाल्लं. केतकी घाबरून मला सांगायला खाली आली. मलाही गलबलून आलं, खोटं कशाला सांगू. केतकी सकाळी सहाला बाहेर पडते. काकांना जर्मन येत नाही, टीव्ही आवडत नाही. या अख्ख्या गावात त्यांची वाट बघणारं कोणी असेल तर ते एक झाड. ते गेलं तर हा माणूस पुढच्या वर्षी इथे येणार नाही आणि मिरजेच्या रिकाम्या घरात भिंतीकडे बघत बसेल, हे आम्हा दोघींना दिसत होतं.

सभेच्या आठवड्यात केतकीला नेमकं कामासाठी इंगोलश्टाटला जावं लागलं. तिने काकांना फोलमाख्त, म्हणजे आपल्या वतीने मत द्यायचा अधिकार, लिहून दिला. दुभाषी म्हणून मी.

सभा गास्टहाउसच्या, म्हणजे कोपऱ्यावरच्या खानावळीच्या, मागच्या खोलीत होती. काका कोट घालून आले, बरोबर स्टीलचा डबा. इमारतीचा कारभार बघणारे हेर ब्रांडल विषय वाचत होते, तोवर काकांनी पंगतीत वाढावं तसं प्रत्येकापुढे एकेक पान वाढलं. फ्राऊ लाइटनरना करवंद असलेलं, मान म्हणून.

"सांग त्यांना, उलटा म्हणावं."

मी सांगितलं. जर्मन माणूस सूचना मिळाली की पाळतो. सगळ्यांनी पानं उलटली. हेर ब्रांडलनी विचारलं, पानं उलटणं हे कोणत्या विषयाखाली घ्यायचं. काकांनी त्यांनाही एक बटणवालं पान दिलं.

मग त्यांनी टिकलीपासून गोटीपर्यंत सगळं समजावलं. सुरवंट या झाडावर एकही नाही, या गाठी आहेत, गाठीने माणसाला पुरळ येत नाही, झाडाला ताप येत नाही. मी भाषांतर करत होते. लोक "गेनाऊ, गेनाऊ" म्हणत होते, म्हणजे अगदी बरोबर, पण त्यांच्या चेहऱ्यावरून मत काही कळेना.

"आणि माझ्या नातवाचं पुरळ?" फ्राऊ लाइटनरनी मोबाइल पुढे केला.

काकांनी मान फिरवली. परवाना नाही. मी हळूच म्हटलं, "काका, फोटो आहे. माणूस नाही." त्यांनी थोडा विचार केला आणि भिंग डोळ्यावर ओढलं. दोन्ही पावलांवर लाल पट्टे होते, आडवे, एकसारखे, आणि घोट्याभोवती एकेक.

"मी डॉक्टर म्हणून बोलत नाही," काका म्हणाले. "चपला घालणारा माणूस म्हणून सांगतो. हा सँडलचा पट्टा आहे. नवे घेतले असतील, त्यांनी उठलंय. झाडाला सँडलचं माप कसं कळणार? खात्रीला इथल्या डॉक्टरला दाखवा म्हणावं."

फ्राऊ लाइटनरनी मोबाइल पर्समध्ये टाकला. सँडल त्यांनीच घेऊन दिले असावेत. पण बाई हार मानणारी नव्हती. "आल्झो, बरं तर," त्या म्हणाल्या, "समजा झाड निरोगी आहे. तरी दिसतं घाणेरडंच. या फोडांत तुम्हाला एवढं काय दिसतं?"

मी भाषांतर केलं. काकांनी डब्यातून एक गोटी काढून टेबलावर ठेवली. "ही तुमची." मग त्यांचा डावा हात खिशातून बाहेर आला. "आणि ही आमची."

सुपारी नव्हती. मायफळ होतं. माझ्या लेकीच्या वेळी आईने पुण्याहून पाठवलेल्या गुटीच्या पुडीत असंच एक होतं, म्हणून मी ओळखलं. जन्मभर मी त्याला फळ समजत आले. दोन्ही शेजारी ठेवल्यावर लक्षात आलं, तीही ओकचीच गाठ. फक्त काकांचं मायफळ पूर्ण गोल नव्हतं. एक बाजू झिजून सपाट झाली होती.

"सुमन गेल्यावर तिच्या शिवणाच्या डब्यात सापडलं," काका माझ्याकडे बघून म्हणाले. "बटणांच्या खाली. सहाणेवर उगाळल्याशिवाय असं झिजत नाही. मी दवाखान्यात बायकांना ओरडत होतो, आणि ही घरी माझ्यामागे उगाळून केतकीला चाटवत होती. भिंतीवर फोटो लावला तेव्हा हसली होती गं. मला वाटलं, कौतुकाने."

"गुटी मी आजही देऊ देणार नाही," ते म्हणाले. "पण पहिल्या वर्षी इथे आलो, बोलायला कोणी नाही, आणि या झाडावर ही गोटी दिसली. सुमनच्या माहेरचं कोणी भेटावं तसं झालं. म्हणून रोज जातो. सांग त्यांना."

गुटीला जर्मन शब्द मला सुचला नाही. आईच्या हातचं औषध म्हटलं. वडिलांपासून लपवलेलं. आणि बिअरचा एक मोठा घोट घेतला.

फ्राऊ लाइटनरनी मायफळ उचललं, सपाट बाजूवरून अंगठा फिरवला. "माझी आई कान दुखला की कांदा बांधायची," त्या म्हणाल्या. "वडील औषधांच्या दुकानात. त्यांना असलं काही चालायचं नाही. पण आमच्याकडे लपवता यायचं नाही. वास यायचा." आणि त्यांनी आपला विषय मागे घेतला.

"कांदासुद्धा बांधायचा नाही म्हणावं," काका मला कुजबुजले. ते मात्र मी भाषांतरित केलं नाही.

घरी येताना मी विचारलं, "केतकीला सांगितलंत हे?"

"कसं सांगू? जन्मभर तिचा फोटो लावून मिरवलं मी."

"काका, निदान झालं की आधी घरच्यांना सांगतात. तुम्हीच म्हणता."

खिशात मायफळ फिरत राहिलं.

केतकी परतली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. ती कामाला निघाली होती, खांद्याला बॅग. काकांनी तिला झाडाखाली बोलावलं आणि तिच्या तळहातावर मायफळ ठेवलं.

"हे काय बाबा? मायफळ ना? तुमच्याकडे?"

"उलटं कर."

तिने केलं. बराच वेळ बघितलं. ते कोणाच्या डब्यातलं, कोणी झिजवलेलं, ते काका तिला खालच्या आवाजात सांगत होते, मला सगळं ऐकू आलं नाही. पण मग केतकीने डोळे पुसले, आणि अगदी त्यांच्याच सुरात विचारलं, "कधीपासून आहे हे?"

"तुझ्या जन्मापासून," काका म्हणाले.